रिकामे, भाकड, बिनकामाचे

आमच्या विभागाच्या लिपिकांनी काही वर्षांपूर्वी निर्लेखनाच्या यादीत 'वापरलेली काडतुसे – नग ७' अशी नोंद केली. लेखापरीक्षणास आलेल्या गृहस्थांनी यादीवरून मान वर केली आणि मराठी विभागास काडतुसे कशासाठी लागतात, असे अत्यंत सौम्य आवाजात विचारले. वस्तुतः नोंद चुकीची नव्हती. पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आलेले काडतूस आणि प्रिंटरमध्ये बसणारे इंग्रजी कार्ट्रिज ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत. पण शब्दाचे कूळ सांगून लेखापरीक्षकाचे समाधान होत नाही, म्हणून कपाटातून ती सात कार्ट्रिजे काढून त्यांच्यापुढे मांडावी लागली.

ती आम्हीच मागून घेतली होती. (आम्ही म्हणजे आम्ही दोघे, दोघेही एकाच विभागात साहित्य शिकवतो.) रीतसर अर्ज केला, महाविद्यालयाने ठरवलेली किरकोळ रक्कम भरली, पावती घेतली आणि तो माल एका रिफिलिंगवाल्यास थोड्या चढ्या भावाने विकला. घरची, शेजाऱ्यांची, परिचित वकिलांच्या कचेरीतली रिकामी कार्ट्रिजेही आम्ही अशीच गोळा करत असू. त्या पैशांतून ठकीच्या औषधांना हातभार लागे. ठकी ही आमची कुत्री. जातीने पॉमेरेनियन, वजनाने पावणेतीन किलो. श्वानशास्त्राच्या वर्गवारीत ही जात 'टॉय' गटात, म्हणजे खेळण्यांच्या गटात मोडते. म्हणून जुन्या लाकडी बाहुलीचे नाव आम्ही तिला दिले.

प्राध्यापक कक्षात या व्यवहाराची थट्टा होणे स्वाभाविकच होते. भंगार विकण्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. काटकसर हा मास्तरकीचा दागिनाच समजला जातो. बोलणे झाले ते कुत्रीवरून. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "राखणीचा कुत्रा असता तर समजलो असतो. शेतावरचा असता तरी चालले असते. हे बिनकामाचे खेळणे तुम्ही का पाळता?" त्यांच्या स्वरात द्वेष नव्हता. ग्रामीण कथेवर त्यांनी आयुष्यभर निष्ठेने लिहिले आहे आणि कुत्र्याचे काम काय असते हे आमच्यापेक्षा त्यांना निश्चितच अधिक ठाऊक आहे. तरीही 'बिनकामाचे' हा शब्द आमच्या मनात रुतून बसला. तो शब्द चुकीचा आहे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आपल्या परंपरेत कुत्रा भरपूर आहे. युधिष्ठिराच्या मागून हिमालय चढणारा आहे, दत्तात्रेयांच्या पायाशी बसलेले चार आहेत, नामदेवांच्या पानावरची पोळी पळवणारा आणि तुपाची वाटी घेऊन त्यांना आपल्यामागे धावायला लावणारा आहे. पण नीट पाहिले तर यांतला एकही केवळ कुत्रा नाही. पहिला शेवटी धर्म निघतो, चौघांना आपण चार वेद म्हणतो आणि पोळी पळवणारा प्रत्यक्ष विठ्ठल ठरतो. अर्वाचीन काळात मांडीवरचा, झुबकेदार केसांचा कुत्रा मराठी लेखनात आला तो श्रीमंती बाष्कळपणाचे चिन्ह होऊन. नाटकांत बाईसाहेबांच्या हातात तो असला की ती कोणत्या स्वभावाची हे प्रेक्षकांस वेगळे सांगावे लागत नाही. पु. ल. देशपांडे यांचा 'पाळीव प्राणी' आठवावा. त्यातली थट्टा प्राण्यांची नसून त्यांच्या कौतुकात बुडालेल्या मालकांची आहे आणि ती यथार्थच आहे. आम्ही आजही ती वाचून हसतो, आणि हसताना थोडे ओशाळतोही. अडचण एवढीच की मालकाला हसता हसता आपली नजर मालकावरच खिळून राहिली. कुत्रा कोठून आला, हा प्रश्न विनोदाच्या कक्षेत आला नाही, आणि गंभीर साहित्याने तो विनोदाच्या खात्यावर टाकून दिला.

आमचे मराठी लेखक यात एकटे नाहीत. आन्तोन चेखव्ह यांची 'कुत्रेवाली बाई' ही कथा (१८९९) पदव्युत्तर वर्गात शिकवताना हे आमच्या ध्यानात आले. त्या बाईजवळचा कुत्रा पांढरा स्पिट्झ, म्हणजे ठकीच्या गोतातलाच. गुरोव त्याला चुचकारून जवळ बोलावतो, बोट दाखवून गुरगुरायला लावतो, त्याला हाड देऊ का असे विचारतो आणि संभाषण सुरू होते. कुत्र्याचे काम येथे संपले. पुढे गुरोव तिच्या गावी जातो, घरासमोरच्या राखी कुंपणापाशी घुटमळतो. एक म्हातारी त्या स्पिट्झला घेऊन बाहेर येते. त्याला हाक मारावीशी वाटते, पण छाती इतकी धडधडते की कुत्र्याचे नावच आठवत नाही. चेखव्हने ते नाव वाचकालाही कधी सांगितलेले नाही. विद्यार्थ्यांना आम्ही हे विस्मरण प्रेमाच्या तीव्रतेची खूण म्हणून अनेक वर्षे समजावून सांगितले, आणि ते खरेही आहे. पण ज्याच्यामुळे ओळख झाली त्याला नाव नाही, हेही तितकेच खरे आहे. ते आम्ही वर्गात सांगत नव्हतो. (व्हर्जिनिया वूल्फने १९३३ मध्ये 'फ्लश' हे एका कुत्र्याचे चरित्र लिहून उलट बाजूने प्रयत्न केला. ते पुस्तक आपल्याकडे तिचे हलकेफुलके लेखन म्हणून बाजूला ठेवले जाते. असो.)

आता ठकी कशी आली ते. हा भाग आमच्या मोठेपणाचा नाही. २०१८ च्या पावसाळ्यात आम्ही शहराबाहेरच्या एका ब्रीडरकडून पिल्लू विकत घेतले. मोबाइलवरचे छायाचित्र पाहून भाव ठरवला, रोख पैसे दिले, कागद मागितला नाही. पिल्लू दोन महिन्यांचे आहे असे तो म्हणाला. पशुवैद्यांनी दात पाहून पाच आठवड्यांचे असेल असे सांगितले. नवव्या दिवशी ते पार्व्होने गेले. आम्ही भांडायला म्हणून गेलो, तेव्हा तो मनुष्य मुळीच रागावला नाही. "बदलून देतो," म्हणाला. दुकानदार गॅरंटीतली वस्तू बदलून देतो तसे. आणि तो दुसरे पिल्लू आणायला गेला असताना आम्ही त्याच्या मागोमाग पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो.

तेथे जाळीच्या तळाचे पिंजरे एकावर एक रचलेले होते. त्यांपैकी खालच्या एका पिंजऱ्यात एक पांढरी मादी जागच्या जागी गोल फिरत होती. आमच्या मेलेल्या पिल्लाची आई तीच. किती वेते झाली, असे विचारल्यावर तो म्हणाला की मोजली नाहीत. मग सहज पुढे म्हणाला, "आता भाकड झाली. माजावर येते, पण धरत नाही. कोणी नेत असेल तर तशीच देऊन टाकतो." आम्ही दुसरे पिल्लू घेतले नाही, तिला घेऊन आलो. लोक याला दया म्हणतात. आमच्या पैशांनी त्याची पुढची मादी पोसली गेली असणार, हे आम्हांला त्याच संध्याकाळी कळले होते.

पशुवैद्यांच्या अंदाजाने ती तेव्हा सहा वर्षांची होती. पोटावरचे केस काढल्यावर शस्त्रक्रियेच्या जुन्या शिवणींच्या खुणा दिसल्या. या जातींत आई लहान आणि पिल्लांची डोकी मोठी, त्यामुळे पोट फाडून प्रसूती करावी लागणे नवे नाही. निम्मे दात किडलेले. जबडा एवढासा, पण दात मात्र मोठ्या कुत्र्याइतकेच, म्हणजे बेचाळीस. ते दाटीवाटीने उगवतात आणि लवकर सडतात. गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून पलंगावरून उडी मारू द्यायची नाही. श्वासनलिकेच्या कड्या मऊ पडलेल्या, म्हणून गळ्यात पट्टा घालायचा नाही, छातीवरून हार्नेस घालायचा. तरी उत्साहाच्या भरात ती बदकासारखी खोकते. पुढे हृदयाची झडप गळू लागली आणि पिमोबेंडानच्या गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हा हृदयविकार इतका सर्रास आढळतो की डॉक्टरांना त्याचे आश्चर्यही वाटले नाही.

हे सारे सोसण्यासारखे होते. पहिल्या महिन्यात आम्हांला सोसवले नाही ते वेगळेच. तिला फरशीवर ठेवले की ती पाय आखडून उभी राही. सपाट जमीन तिच्या पायांना माहीत नव्हती. मग दिवाणखान्याच्या मधोमध ती गोल फिरू लागे. त्या वर्तुळाचा व्यास कधीच बदलत नसे. पिंजरा नव्हता, पण त्याचे माप पायांत राहिले होते. जिन्यावर कोणी वाजले की भुंकणे, दारावरच्या माणसाच्या चपलेवर राग धरणे, आमच्यातला कोणी परगावी गेला की त्याच्या उशीवर झोपणे ही तिची बाकीची कारकीर्द त्यानंतरची. आता तेरा वर्षांची झाली. गोल फिरणे कमी झाले. पाहुणे जास्त आले तर अजूनही सुरू होते.

तेव्हा 'बिनकामाची' हा शब्द आम्हांला मान्य नाही. नांगराच्या बैलालाही वर्षातून काही महिने विश्रांती असते. खेळण्यातल्या म्हणवल्या जाणाऱ्या या जातींतल्या माद्या हे आपल्या शहरांतले अत्यंत कष्टकरी जनावर आहे. फक्त त्यांचे काम आपल्याला दिसत नाही, कारण त्या कामाचे उत्पन्न म्हणजेच मांडीवर बसलेले बिनकामाचे पिल्लू. गाय आटली की शेतकरी तिला भाकड म्हणतो, त्या शब्दात निदान ती काही देत होती याची कबुली असते. शहरातल्या ग्राहकाकडे तेवढाही शब्द नाही, कारण त्याने आई पाहिलेलीच नसते.

मागणी कशी तयार होते याचे दाखले जुने आहेत. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्समध्ये पॉमेरेनियन घेतला आणि इंग्लंडात त्या जातीचे वेड पसरले. तोवर बऱ्यापैकी मोठा असणारा हा कुत्रा पुढच्या काही दशकांत आकसत आकसत आजच्या मापाला आला. बर्फाळ प्रदेशातल्या कामकरी कुत्र्यांचा हा वंशज. आपल्याकडे १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीने पांढऱ्या स्पिट्झला घरोघर नेले, आणि २००३ च्या हचच्या जाहिरातीतला मुलामागून चालणारा पग पाहून कितीकांनी पग आणले. त्या चपट्या नाकातून आपल्या उन्हाळ्यात श्वास कसा घ्यायचा हे जाहिरातीत नव्हते. लहानपणाचे जनुकीय कारणही आता बरेचसे ठाऊक झाले आहे. आयजीएफ-१ या जनुकाचा कुत्र्याच्या आकाराशी असलेला संबंध २००७ मध्ये मांडला गेला; २०२२ मध्ये असे दिसून आले की लहान चणीशी जोडलेला त्याचा प्रकार सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही होता. म्हणजे माणसाने लहानपण निर्माण केले नाही. ते लांडग्यात होतेच, माणसाने ते वेचून वेचून जमवले. शोध म्हणून आम्हांला हा फार सुंदर वाटतो. शेडमधल्या मादीला त्याचा काही उपयोग नाही.

ठकीच्या दातांच्या शस्त्रक्रियेचा खर्च अंगावर आला तेव्हा कार्ट्रिजांचा धंदा सुरू झाला. आमच्या घरचा प्रिंटर, १२ए कार्ट्रिज घेणारा, फिकट छापू लागला होता. दुरुस्तीला आलेल्या मुलाने जुने कार्ट्रिज हातात फिरवून पाहिले, बाजूच्या पिना तपासल्या आणि विचारले, "व्हर्जिन आहे ना?" आम्ही गोंधळलो. त्याने समजावले: कंपनीचे मूळ कार्ट्रिज, एकदाच संपलेले, कधीही न उघडलेले, ते व्हर्जिन. त्याला चांगला भाव. एकदा भरलेल्याला कमी. दोन-तीनदा भरलेले जवळजवळ फुकट, कारण आतला हिरवा-निळा ड्रम झिजतो, पुसणारी पट्टी बोथट होते, उरलेल्या टोनरची टाकी तुंबते. शब्द आमचा नाही, धंद्याचा आहे, आणि तो मुलगा अत्यंत सभ्य होता. पण त्या वेळी ठकी आमच्या पायाशी होती, आणि भाकड हा शब्द आम्ही वर्षभरापूर्वीच ऐकलेला होता.

या व्यापाराबद्दल वाईट बोलावे असे आमच्या मनात नाही. उलट त्यातले कौशल्य पाहण्यासारखे आहे. टोनर म्हणजे शाई नव्हे, ती प्लॅस्टिकची अतिसूक्ष्म भुकटी. प्रिंटरच्या आत तापलेल्या रुळाखाली ती वितळून कागदाला चिकटते. म्हणूनच ती हातावर सांडली तर गरम पाणी घ्यायचे नाही, गारच घ्यायचे. मूळ कार्ट्रिजातून साधारण दोन हजार पाने निघतात. तो मुलगा ते खोलून, झाडून, भरून, गरज पडल्यास ड्रम बदलून पुन्हा तेवढीच पाने काढून देई, मूळ किमतीच्या अल्पांशात. संपलेल्या वस्तूकडे इतक्या बारकाईने पाहणारा मनुष्य आम्ही साहित्याच्या अध्यापनात क्वचित पाहिला आहे. एकदाच त्याच्याशी आमचा मतभेद झाला: रिकाम्या कार्ट्रिजबरोबर त्याचे खोके असेल, न फाटलेले, तर तो जास्त पैसे द्यायला तयार होता. खोके कशाला, हे कळायला आम्हांला दोन महिने लागले. तेव्हापासून खोकी आम्ही फाडून रद्दीत टाकतो. त्याने वाद घातला नाही. भाव तेवढा उतरला.

रिकाम्या वस्तूवर मालकी कोणाची, हा प्रश्न न्यायालयांतही गाजला आहे. लेक्समार्क कंपनी अमेरिकेत सवलतीच्या दरात कार्ट्रिजे विकताना ग्राहकांकडून अशी अट घेई की ती एकदाच वापरायची आणि रिकामी झाल्यावर कंपनीशिवाय कोणालाही द्यायची नाहीत. अट पाळली जावी म्हणून आत चिप बसवलेली असे. रिकामी कार्ट्रिजे विकत घेऊन भरणाऱ्या एका कंपनीवर तिने दावा लावला. मे २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. विकणाऱ्याला काहीही वाटो.

त्याच मे २०१७ मध्ये आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम अधिसूचित झाले. योगायोग एवढाच. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत आणि आठ वर्षांनंतर तिच्यापासून पैदास करता येत नाही. वर्षाला एकच वेत आणि आयुष्यात पाचाहून अधिक नाहीत. पैदाशीच्या जनावरांना मायक्रोचिप बसवून नोंद ठेवायची. कार्ट्रिजातली चिप किती पाने निघाली हे मोजते. ठकीची वेते कोणी मोजली नव्हती. आमचे पाच आठवड्यांचे पिल्लू या नियमांनंतर वर्षभराने विकले गेले, आणि ते बेकायदा आहे हे आम्हांला, दोन पदव्युत्तर अध्यापकांना, ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर कागद मागितला असता का? खात्रीने सांगता येत नाही. पिल्लू फार गोजिरवाणे होते.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा दुसरा आक्षेप असा की एवढ्या औषधांच्या खर्चात एका मुलाची फी भरली गेली असती. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यावर आमच्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते पूर्ण नाही: ज्याची झीज आपण विकत घेतली, त्याची दुरुस्ती आपल्याकडे लागते. जी पिल्ले आम्ही घेतली नाहीत त्यांचे देणे आमच्यावर नाही, हे म्हणण्याची सोय मात्र आम्हांला नाही, कारण एक घेतले होते. वर्गातल्या मुलांना आम्ही आता एवढे सांगतो की घ्यायचेच असेल तर पिल्लू पाहू नका, आधी त्याची आई दाखवा म्हणा. दाखवली नाही तर परत फिरा. चेखव्हची कथा शिकवताना त्या स्पिट्झला नाव का नाही हा प्रश्नही आता परीक्षेत येतो. उत्तरे बहुधा आमच्याच व्याख्यानातली असतात. एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले होते की त्या म्हातारीला ते ठाऊक असणार.

कार्ट्रिजांचे उत्पन्न आता आटले आहे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले; आमच्या महाविद्यालयाचे सारे आता अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जाते, आणि ते योग्यच आहे. घरोघरी टाकीवाले प्रिंटर आले, त्यांत बाटलीतून शाई ओततात. तो मुलगा मोबाइल दुरुस्तीकडे वळला. घरी १२ए ची दोन कार्ट्रिजे उरली आहेत, दोन्ही अनेकदा भरलेली.

त्या शेडविरुद्धची तक्रार आम्ही आजवर दोनदा लिहिली आणि दोनदा कपाटात ठेवली. पहिल्यांदा वाटले पुरावा नाही. दुसऱ्यांदा त्या ब्रीडरच्या ओळखीचे आमच्याच गल्लीत निघाले. गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा लिहिली. छापताना पानाच्या मधोमध उभा फिकट पट्टा आला, नेमका पत्ता होता तेथे. कार्ट्रिज बाहेर काढून आडवे धरून हलवले, पुन्हा बसवले, पुन्हा छापले. या वेळी पत्ता वाचता येतो. पाकिटावर तिकिटे लावली आहेत. ठकीच्या रात्रीच्या गोळीची वेळ झाली.